नवागतांचा कैवारी

शिस्त हा सैन्याचा प्राण आहे. आज्ञा झाली की ती त्याच क्षणी पाळली गेली पाहिजे. नाही तर रणांगणावर एकाच्या चुकीमुळे अनेकांचे प्राण जातात. म्हणूनच सैनिकी विद्यालयात नव्याने दाखल झालेल्या मुलांना पहिले काही आठवडे फार कष्टाचे जातात. पहाटे उठणे, तासन् तास कवायत करणे, थकल्यावरही ताठ उभे राहणे हे सारे त्यांना शिकावेच लागते. परंतु कष्ट आणि छळ या दोन गोष्टी एक नव्हेत. कष्टाने माणूस घडतो. छळाने तो एक तर मोडतो, नाही तर पुढे स्वतःच दुसऱ्याचा छळ करू लागतो. हा भेद स्वतः सोसून ज्याने जाणला आणि अधिकार हाती येताच ज्याने जुनी दुष्ट चाल मोडण्यासाठी कंबर कसली, अशा एका सेनापतीची ही जीवनकथा आहे. त्याचे नाव डग्लस मॅकआर्थर.

डग्लसचा जन्म २६ जानेवारी १८८० रोजी अमेरिकेतील लिटल रॉक या गावी, सैनिकांच्या वसाहतीतच झाला. त्याचे वडील आर्थर मॅकआर्थर हे सैन्यात अधिकारी होते. अमेरिकेच्या उत्तरेकडील व दक्षिणेकडील राज्यांमध्ये १८६१ ते १८६५ या काळात जे भीषण यादवी युद्ध झाले, त्यात ते उत्तरेच्या बाजूने लढले होते. अवघ्या अठराव्या वर्षी शत्रूच्या गोळीबारातून आपल्या पथकाचा ध्वज टेकडीच्या माथ्यावर नेऊन रोवल्याबद्दल त्यांना पुढे देशातील सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. डग्लसची आई मेरी मात्र दक्षिणेतील व्हर्जिनिया राज्याची. मोठी करारी आणि महत्त्वाकांक्षी स्त्री होती ती.

वडिलांच्या बदल्यांमुळे डग्लसचे बालपण दूरदूरच्या लष्करी ठाण्यांवर गेले. न्यू मेक्सिकोच्या रखरखीत प्रदेशातील एका लहानशा ठाण्यात तो घोड्यावर बसण्यास आणि बंदूक चालविण्यास शिकला. पहाटेचा बिगूल, संध्याकाळी ध्वज उतरवतानाची मानवंदना, धुळीत उमटलेल्या घोड्यांच्या टापा, हेच त्याचे जग. आपणही वडिलांसारखे सैनिक व्हावयाचे, हे त्याच्या मनाने फार लवकर घेतले.

अमेरिकेत सैन्याचे अधिकारी तयार करणारी सर्वांत प्रसिद्ध संस्था म्हणजे वेस्ट पॉइंटची लष्करी अकादमी. न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेस हडसन नदीच्या काठी एका उंच खडकाळ जागेवर ती १८०२ साली स्थापन झाली. तेथे प्रवेश मिळणे सोपे नव्हते. राष्ट्राध्यक्षांकडून नेमणूक मिळविण्याचा डग्लसचा प्रयत्न फसला. वैद्यकीय तपासणीत त्याच्या पाठीच्या कण्यात थोडा बाक असल्याचे आढळले. पण तो खचला नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्याने कण्याचा दोष दूर केला, रात्रंदिवस अभ्यास केला आणि मिलवॉकी शहरात झालेल्या स्पर्धा परीक्षेत पहिला क्रमांक मिळवून आपली जागा पक्की केली. जून १८९९ मध्ये एकोणीस वर्षांचा डग्लस वेस्ट पॉइंटच्या दारात उभा राहिला.

दाराच्या आत जे जग होते ते त्याच्या कल्पनेहून निराळे होते. नव्या छात्राला तेथे प्लीब म्हणत. प्रारंभीच्या शिक्षणासाठी या नवागतांना ज्या इमारतीत ठेवीत, तिला पशूंची बराक असे नाव पडले होते. या नावातच सारे आले! नव्या मुलांना प्रथम काही आठवडे कवायत शिकविण्याचे काम अधिकाऱ्यांकडे नव्हते. ते वरच्या वर्गांतील छात्रांकडे सोपविलेले असे. म्हणजे जे स्वतः अजून विद्यार्थीच होते, काल-परवाच ज्यांनी छळ सोसला होता, त्यांच्याच हाती आज नवागतांना दिलेले असे. पुढे उन्हाळी छावणीत सारे तंबूंमध्ये राहत. रात्र झाली की या तंबूंमध्ये नियमपुस्तकात नसलेले अनेक प्रकार चालत.

हे प्रकार नाना तऱ्हांचे होते. कोणाला तोंड भाजेल असा तिखट रस बळेच प्यायला लावीत. कोणाला थकून कोसळेपर्यंत उठाबशा काढावयास लावीत. कोणाला त्याच्याहून धिप्पाड अशा वरिष्ठाशी मुष्टियुद्ध करावे लागे. जो निमूटपणे सोसील तो खरा मर्द आणि जो तक्रार करील तो भेकड व चुगलखोर, असा तेथील अलिखित कायदा होता. शिवाय यामुळे मुले कणखर बनतात, आपणही असेच बनलो, असे समर्थन वरिष्ठ छात्र करीत. दरवर्षी सोसणारे पुढच्या वर्षी सोसायला लावणारे होत आणि अशा रीतीने साखळी चालू राही.

डग्लसच्या वाट्याला हा त्रास जरा अधिकच आला. त्याचे वडील त्या वेळी फिलिपाइन्समध्ये सेनापती होते आणि त्यांचे नाव वृत्तपत्रांत गाजत होते. वडिलांच्या कीर्तीची शिक्षा मुलाला भोगावी लागली. तो उत्तरेकडील वीराचा मुलगा, म्हणून दक्षिणेकडून आलेल्या काही छात्रांचा त्याच्यावर विशेष रोख होता. त्याच्याच वर्गात माजी राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांचा नातू होता. त्यालाही मोठ्या नावाची किंमत मोजावी लागली.

एके रात्री काही वरिष्ठांनी डग्लसला एका तंबूत नेऊन हात पसरून उठाबशा काढावयास लावल्या. हा प्रकार बराच वेळ चालला. शेवटी त्याच्या पायांतील त्राण गेले. कसाबसा तो आपल्या तंबूत परतला आणि जमिनीवर कोसळला. त्याचे पाय आपोआप झटके देऊ लागले आणि लाकडी जमिनीवर त्यांचा आवाज होऊ लागला. तशा अवस्थेतही त्याला एकच चिंता होती. हा आवाज बाहेर ऐकू गेला तर आपली दुर्बलता लोकांना कळेल! त्याने सोबत्याला आपल्या पायांखाली घोंगडी घालावयास सांगितले आणि आपण ओरडू लागलो तर घोंगडीचे टोक तोंडात कोंबावे, अशी विनंती केली. दुसऱ्या दिवशी आजारी म्हणून नाव न नोंदविता तो कवायतीला हजर झाला.

त्याच्या या धैर्याचे छात्रांनी कौतुक केले आणि त्याला आपल्यांत सामावून घेतले. परंतु विचार करण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. आजारी मुलाने मदत मागण्याऐवजी आपल्या वेदनेचा आवाजसुद्धा दडपावा, असे त्याला वाटावयास लावणारी ही कसली शिस्त? शिस्त असेल तर ती उजेडात चालली पाहिजे. जी गोष्ट रात्री, अधिकाऱ्यांच्या नजरेआड, घोंगडीखाली दडपावी लागते, ती शिस्त नसते.

त्याच अकादमीत डग्लसला याच्या अगदी उलट अनुभवही आला. शेवटच्या वर्षात शिकणाऱ्या एका छात्राने त्याला आपल्या खोलीत राहावयास बोलावले. शेवटच्या वर्षाच्या छात्रांना रात्री एक तास अधिक दिवा ठेवण्याची सवलत होती. त्या तासाचा लाभ डग्लसला मिळाला आणि त्याचा अभ्यास उत्तम झाला. वरिष्ठाच्या हाती असलेली सत्ता नवागताला कोसळून टाकू शकते, तशीच ती त्याला उजेडही देऊ शकते, हे त्याने एकाच वर्षात पाहिले.

पुढे एक दुःखद घटना घडली. ऑस्कर बूझ नावाचा एक छात्र १८९८ साली काही महिन्यांतच अकादमी सोडून घरी गेला होता. डिसेंबर १९०० मध्ये क्षयाने त्याचा मृत्यू झाला. अकादमीतील छळानेच आपल्या मुलाची प्रकृती ढासळली, असा आरोप त्याच्या आईवडिलांनी केला. देशभर खळबळ उडाली. राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ले यांच्या सरकारने लष्करी चौकशी मंडळ नेमले. पाठोपाठ संसदेनेही आपली समिती नेमली. ज्यांचा छळ झाल्याचे कळले होते, अशा छात्रांना साक्षीला बोलावण्यात आले. त्यांत डग्लस मॅकआर्थर होता.

डग्लस मोठ्या पेचात सापडला. छळ करणाऱ्यांची नावे सांगावीत, तर सोबत्यांचा विश्वासघात केल्याचा कलंक लागणार. न सांगावीत, तर आज्ञाभंगाबद्दल अकादमीतून काढून टाकले जाण्याचा धोका. सैनिक होण्याचे त्याचे जन्माचे स्वप्न एका उत्तरावर अवलंबून होते. आई तेव्हा अकादमीजवळच्या हॉटेलात मुक्कामाला होती. तिने त्याला धीर देणारा संदेश पाठविला. डग्लसने काय घडले ते सांगितले, स्वतःला झालेला त्रास जितका होता त्याहून कमी करून सांगितला, आणि ज्यांनी आपला अपराध आधीच कबूल केला होता किंवा जे अकादमी सोडून गेले होते, त्यांचीच नावे घेतली. इतरांची नावे उघड करावयास त्याने नकार दिला.

बूझचा मृत्यू छळाने झाला असे चौकशीत सिद्ध झाले नाही. परंतु नवागतांच्या छळाची रीत निंद्य आहे, हे मात्र स्पष्ट झाले. १९०१ साली संसदेने कायदा करून ती निषिद्ध ठरविली आणि दोषी छात्राला अकादमीतून काढून टाकण्याची तरतूद केली. उघड उघड होणारे सर्वांत क्रूर प्रकार त्यामुळे कमी झाले. तरीही चाल समूळ नष्ट झाली नाही. करणारा बोलत नव्हता आणि सोसणाराही बोलत नव्हता. मग कायद्याचा हात तेथवर पोहोचणार कसा? डग्लसचे मौन हे त्याच्या मित्रनिष्ठेचे चिन्ह होते यात शंका नाही. पण अशा मौनाच्या आडोशालाच ती चाल जगत होती, हेही तितकेच खरे.

डग्लसने चार वर्षे असाधारण परिश्रम केले. तो बेसबॉलच्या संघात खेळला, छात्रांचा प्रमुख कप्तान झाला आणि १९०३ साली शंभरांपैकी ९८.१४ गुण मिळवून वर्गात पहिला आला. त्यानंतर सैन्यातील अधिकारी म्हणून त्याची कारकीर्द सुरू झाली.

१९१७ साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. निरनिराळ्या सव्वीस राज्यांतील सैनिक एकत्र करून एक तुकडी उभारण्यात आली. आकाशातील सप्तरंगी कमानीप्रमाणे ती देशभर पसरलेली, म्हणून तिला इंद्रधनुष्याचे नाव देण्यात आले. हे नाव मॅकआर्थर यांनीच सुचविले होते. या तुकडीबरोबर ते फ्रान्सच्या रणभूमीवर गेले. खंदकांतील चिखल, विषारी वायू आणि तोफांचा भडिमार यांत ते सैनिकांच्या पुढे राहून लढले. दोनदा ते जायबंदी झाले आणि वयाच्या अडतिसाव्या वर्षी ब्रिगेडियर जनरल झाले.

या युद्धात मॅकआर्थर यांनी एक महत्त्वाची गोष्ट पाहिली. आता लढणारे सैनिक हे पूर्वीसारखे जन्मभर बराकीत काढलेले पेशेवाईक सैनिक नव्हते. ते कालपर्यंत शेतात नांगर धरणारे, कारखान्यात यंत्र चालविणारे, दुकानात हिशेब लिहिणारे साधे नागरिक होते. केवळ धाकदपटशाने त्यांना मृत्यूच्या तोंडी नेता येत नव्हते. त्यांना समजावून सांगावे लागे, त्यांच्याबरोबर कष्ट सोसावे लागत आणि त्यांचा विश्वास संपादन करावा लागे. ज्या अधिकाऱ्याने तरुणपणी दुर्बलांना छळण्याचेच शिक्षण घेतले असेल, तो अशा माणसांचा नेता कसा होणार?

युद्ध संपले आणि जून १९१९ मध्ये मॅकआर्थर यांची वेस्ट पॉइंटचे अधीक्षक म्हणून नेमणूक झाली. त्यांचे वय तेव्हा अवघे एकोणचाळीस वर्षांचे होते. अकादमीतील कित्येक प्राध्यापक त्यांच्याहून वयाने वडील होते. काहींनी तर त्यांना शिकविलेही होते. अकादमीची अवस्था मात्र शोचनीय झाली होती. युद्धासाठी अधिकारी हवे होते, म्हणून वरच्या वर्गांतील छात्रांना मुदतीआधीच पदव्या देऊन बाहेर पाठविण्यात आले होते. चार वर्षांचा अभ्यासक्रम कापून लहान करण्यात आला होता. चांगल्या परंपरा विसरल्या गेल्या होत्या. छळाची वाईट चाल मात्र टिकून राहिली होती. त्याच वर्षाच्या प्रारंभी छळाला बळी पडलेल्या एका नव्या छात्राचा करुण मृत्यू झाला होता आणि अकादमीच्या कारभाराकडे पुन्हा एकदा साऱ्या देशाचे लक्ष वेधले गेले होते.

मॅकआर्थर यांच्यापुढे दोन मार्ग होते. मी सोसले, मग यांनीही सोसावे, असे म्हणून डोळेझाक करणे हा सोपा मार्ग. आपण ज्या तंबूत कोसळलो, तेथे पुन्हा कोणी कोसळू नये याची व्यवस्था करणे हा दुसरा मार्ग. तो कठीण होता. कारण त्यात जुन्या छात्रांचा, प्राध्यापकांचा आणि अकादमीतून शिकून गेलेल्या शेकडो अधिकाऱ्यांचा रोष पत्करावा लागणार होता. मॅकआर्थर यांनी दुसरा मार्ग धरला.

त्यांनी प्रथम मुळावरच घाव घातला. पशूंच्या बराकीतील नवागतांचे प्राथमिक शिक्षण वरिष्ठ छात्रांच्या हातून काढून घेऊन ते सैन्यातील जबाबदार अधिकाऱ्यांकडे सोपविले. कवायत पूर्वीइतकीच कडक राहिली. दिनक्रमही तितकाच खडतर राहिला. पण आता आज्ञा देणारा माणूस आपल्या प्रत्येक आज्ञेबद्दल वरिष्ठांना उत्तर देण्यास बांधलेला होता. सत्तेबरोबर जबाबदारी आली की तिचा दुरुपयोग करणे अवघड होते.

दुसरी गोष्ट त्यांनी केली, ती अधिक चतुरपणाची होती. केवळ वरून हुकूम सोडला तर तो कागदावरच राहील, हे ते स्वानुभवाने जाणून होते. म्हणून त्यांनी शेवटच्या वर्षातील छात्रांचीच एक समिती नेमली. नवागतांकडून कोणत्या गोष्टींची अपेक्षा करणे योग्य आहे आणि कोणत्या गोष्टी कधीही होता कामा नयेत, हे त्या समितीने विचारपूर्वक ठरविले आणि ते लिहून छापण्यात आले. आजवर जे अलिखित होते, ते आता लिखित झाले. अंधारात असलेली चाल उजेडात आली. आपली मर्यादा कोठे संपते हे वरिष्ठाला कळले आणि आपला हक्क काय आहे हे नवागताला कळले. शिवाय नियम छात्रांनी स्वतःच बनविलेले, म्हणून ते पाळण्याची लाजही त्यांनाच.

छात्रांच्या प्रामाणिकपणाची रीतही त्यांनी अशीच पक्क्या पायावर उभी केली. खोटे बोलणे, फसविणे यांविरुद्ध अकादमीत जुना संकेत होता. त्याची राखण करण्यासाठी त्यांनी छात्रांच्या सन्मान समितीला अधिकृत स्थान दिले. तरुणांवर विश्वास टाकला तर ते विश्वासाला पात्र होतात, अशी त्यांची धारणा होती.

खेळांच्या बाबतीतही त्यांनी नवा पायंडा पाडला. पूर्वी निवडक छात्रच मैदानावर उतरत आणि बाकीचे टाळ्या वाजवीत. मॅकआर्थर यांनी प्रत्येक छात्राला खेळात भाग घेणे आवश्यक केले आणि तुकड्यातुकड्यांत सामने सुरू केले. शरीर बळकट करावयाचे, धीटपणा आणावयाचा, तर त्यासाठी रात्री तंबूत कोणाला उठाबशा काढावयास लावण्याची गरज नाही. दिवसाढवळ्या, पंचांच्या देखत, नियमाने खेळून ते साधते. कठोर शिक्षणाला त्यांनी अशा रीतीने न्याय्य वाट करून दिली.

छात्र म्हणजे कैदी नव्हेत, हेही त्यांनी दाखवून दिले. पूर्वी छात्रांना जगापासून जवळजवळ तोडून ठेवीत. आता त्यांना सुटीच्या दिवशी ठरावीक वेळी बाहेर जाण्याची परवानगी मिळू लागली, जवळ थोडे पैसे बाळगता येऊ लागले, वृत्तपत्रे वाचता येऊ लागली. जुन्या उन्हाळी छावणीत कवायतीपेक्षा नाचगाण्याचे समारंभच अधिक होत. त्याऐवजी त्यांनी छात्रांना खऱ्या सैनिकांच्या छावणीत पाठविले. पुढे ज्यांना आज्ञा द्यावयाच्या, त्या साध्या शिपायांबरोबर राहून व त्यांच्याच हाताखाली शिकून छात्रांना शिपायाचे कष्ट कळावेत, हा त्यामागचा हेतू होता. चार वर्षांचा अभ्यासक्रमही पुन्हा सुरू झाला.

या सुधारणांना कडवा विरोध झाला. जुने प्राध्यापक सभांमध्ये त्यांच्याविरुद्ध मते देत. नव्या छात्रांना लाडावून ठेवले जात आहे, पूर्वीचे वेस्ट पॉइंट बुडाले, अशी ओरड माजी छात्रांनी केली. मॅकआर्थर यांचा स्वभावही थोडा ताठ होता. दुसऱ्याला सबुरीने आपलेसे करणे त्यांना नेहमीच जमले असे नाही. १९२२ साली, तीन वर्षे पूर्ण होताच, त्यांची बदली फिलिपाइन्समध्ये झाली. त्यांच्या जागी आलेल्या अधीक्षकांनी काही सुधारणा रद्द केल्या आणि जुनी छावणी पुन्हा भरू लागली. श्रम वाया गेले, असे त्या वेळी कोणालाही वाटले असते.

पण पेरलेले बी मातीत मरून गेले नव्हते. प्रत्येकासाठी खेळ, छात्रांची सन्मान समिती, लेखी मर्यादा आणि अधिकाऱ्यांची देखरेख या गोष्टी अकादमीच्या जीवनात हळूहळू रुजल्या. छळाची चाल मात्र एका माणसाच्या प्रयत्नाने संपली नाही. नंतरच्या काळातही तिने पुन्हा पुन्हा डोके वर काढले. अखेर १९९० साली अकादमीने नवागतांना वेगळे काढून वागविण्याची जुनी पद्धतच बदलली आणि प्रत्येक वर्षाच्या छात्राला काही कर्तव्ये व काही जबाबदारी देणारी नवी पद्धत सुरू केली. मॅकआर्थर यांनी दाखविलेल्या दिशेनेच संस्था अनेक वर्षांनी आणखी पुढे गेली.

मॅकआर्थर यांचे पुढील जीवन मोठ्या घडामोडींचे आहे. १९३० साली ते अमेरिकेच्या भूसेनेचे प्रमुख झाले. त्या पदावर असताना त्यांच्या हातून एक गोष्ट घडली, जिच्याबद्दल त्यांना आजही दोष दिला जातो. १९३२ साली महामंदीने गांजलेले हजारो माजी सैनिक आपल्या हक्काचे पैसे मागण्यासाठी राजधानी वॉशिंग्टनमध्ये जमले होते. त्या निःशस्त्र माणसांना हुसकून लावण्यासाठी मॅकआर्थर यांनी सैन्य नेले. अश्रुधूर सोडण्यात आला आणि त्यांच्या झोपड्या जळाल्या. पहिल्या महायुद्धात जे त्यांचे सोबती होते, त्यांच्यावरच हा प्रसंग आला. न्याय एकदा शिकला म्हणजे जन्मभर पुरतो असे नाही. अधिकार हाती असलेल्या माणसाला तो रोज नव्याने शिकावा लागतो.

दुसऱ्या महायुद्धात त्यांनी पॅसिफिक महासागरातील मोहिमांचे नेतृत्व केले. १९४२ साली त्यांना फिलिपाइन्स सोडावे लागले. १९४४ साली ते सैन्यासह तेथे परतले. २ सप्टेंबर १९४५ रोजी मिझुरी या युद्धनौकेवर जपानची शरणागती त्यांनी स्वीकारली. त्यानंतर सुमारे साडेपाच वर्षे जपानचा कारभार त्यांच्या देखरेखीखाली चालला. पराभूत देशातील लोक उपाशी होते. त्यांच्या तुटपुंज्या अन्नाला आपल्या सैनिकांनी हात लावू नये, असा हुकूम मॅकआर्थर यांनी दिला आणि बाहेरून धान्य मागविले. स्त्रियांना मतदानाचा अधिकार मिळाला, कुळांना जमिनी मिळाल्या आणि १९४७ साली नवी राज्यघटना अमलात आली. जो हरला आहे, जो आपल्या हाती पूर्णपणे सापडला आहे, त्याच्याशी कसे वागावे, याची ही मोठी परीक्षा होती. तीत ते बऱ्याच अंशी उत्तीर्ण झाले.

१९५० साली कोरियात युद्ध पेटले. तेथेही त्यांनी प्रथम मोठा विजय मिळविला. परंतु युद्धाच्या धोरणाबाबत त्यांचे राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांच्याशी मतभेद झाले आणि ते त्यांनी उघडपणे मांडले. ११ एप्रिल १९५१ रोजी राष्ट्राध्यक्षांनी त्यांना पदावरून दूर केले. लोकशाहीत सेनापती कितीही थोर असला तरी लोकांनी निवडलेल्या सत्तेची मर्यादा त्याला पाळावीच लागते. नवागतांवर सत्ता चालविणाऱ्या छात्रांना त्यांनी एके काळी मर्यादा घालून दिली होती. तशीच मर्यादा सर्वांत मोठ्या सेनापतीलाही असते, हे या घटनेने जगाला दाखवून दिले.

मे १९६२ मध्ये ब्याऐंशी वर्षांचे मॅकआर्थर एक सन्मान स्वीकारण्यासाठी वेस्ट पॉइंटला गेले. समोर शेकडो तरुण छात्र बसले होते. म्हाताऱ्या सेनापतीने त्यांना कर्तव्याचा आणि स्वाभिमानाचा उपदेश केला. त्यानंतर दोन वर्षांनी, ५ एप्रिल १९६४ रोजी, त्यांचे निधन झाले. व्हर्जिनियातील नॉरफोक या त्यांच्या आईच्या गावी त्यांचे दफन करण्यात आले.

मॅकआर्थर यांच्या विजयांची वर्णने इतिहासाच्या ग्रंथांत विस्ताराने आढळतात. त्यांनी जिंकलेली बेटे नकाशावर दाखविता येतात. परंतु वेस्ट पॉइंटच्या तीन वर्षांत त्यांनी जी लढाई केली, ती नकाशावर दाखविता येत नाही. त्या लढाईत शत्रू परका नव्हता. आपलीच जुनी सवय हा शत्रू होता. आपण सोसलेले दुःख पुढच्याच्या माथी मारावयाचे की आपल्यापाशीच थांबवावयाचे, हा प्रश्न सैनिकी अकादमीतच उद्भवतो असे नाही. शाळेत, वसतिगृहात, खेळाच्या संघात, जेथे जेथे जुने आणि नवे एकत्र येतात, तेथे तेथे तो उभा राहतो. शिस्त कडक असावी. पण तिचे नियम सर्वांना ठाऊक असावेत, ती उघड्यावर चालावी आणि ती चालविणाऱ्यालाही कोणीतरी जाब विचारणारा असावा. एका नवागताने घोंगडीखाली दडपलेल्या वेदनेतून अधीक्षक मॅकआर्थर यांनी हा धडा घेतला आणि आपल्यामागून येणाऱ्यांची वाट थोडी सुकर केली.